जुन्या बाजारातून आणलेली फणेरपेटी रुखवतापर्यंत

भाचीचं लग्न ३० नोव्हेंबर २०२५ला ठरलं आणि रुखवतात कोण काय करणार याची यादी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. साखरेचे नारळ, विणलेली तोरणं, सजवलेल्या सुपाऱ्या करणारे हौशी हात आमच्या घरात भरपूर आहेत. माझ्या वाट्याला काय, असं विचारल्यावर आई म्हणाली, "एखादी फणेरपेटी मिळाली तर बघ." तिच्या आईची फणेरपेटी वाडा रिकामा करताना भंगारात गेली, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यामुळे ते वाक्य मी सहज सोडून देणं शक्य नव्हतं.

ज्यांनी ही पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: साधारण फूटभर लांबीची लाकडी पेटी. झाकण उघडलं की आतल्या बाजूला आरसा, तो तिरका उभा राहतो. खाली कप्पे. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, मेणाची छोटी डबी, काजळ, केसांचे आकडे, गंगावन. आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलत नाही. जमिनीवर मांडी घालून, पेटी समोर ठेवून वेणीफणी व्हायची.

या कामाला मला चार महिने लागले. सुरुवातीला मी पंधरा दिवस धरले होते. 'आधी' आणि 'नंतर'चे सुंदर फोटो खूप सापडतात, मधलं मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हे मधलं लिहिते आहे.

१३ जुलैला, रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी गर्दी कमी असते, पण मला नोकरीमुळे रविवारच मिळतो. तीन ठिकाणी पेट्या दिसल्या. दोन नव्याच होत्या, जुन्या दिसाव्यात म्हणून काळपट रंगवलेल्या. तिसरी एका ताडपत्रीवर, कुलपं आणि पितळी नळांच्या ढिगाशेजारी. तेरा इंच लांब, नऊ रुंद, सहा उंच. अंगभर पोपटी ऑइलपेंट, तोही दोनतीनदा दिलेला. एक बिजागरी तुटलेली, आरशाचा पारा निम्मा उडालेला, तळाला नंतर कुणीतरी ठोकलेलं प्लायवूड, ते ओल लागून फुगलेलं.

तरी हात गेला तो कोपऱ्यांमुळे. चारही कोपऱ्यांना खिळा नव्हता, दोन्ही फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले होते आणि रंगाखालूनही ते जाणवत होते. जुनी लाकडी वस्तू घेताना रंगाकडे बघू नका, सांधे बघा. पेटी दोन्ही हातांत धरून हलकेच पिळ देऊन पाहा. कुरकुरली तर सांधे सुटलेत. ही हलली नाही. विक्रेत्याने बाराशे सांगितले, साडेसहाशेला दिली. घासाघीस करताना मी तळाचं प्लायवूड आणि बिजागरी दाखवली, सांध्यांबद्दल काही बोलले नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच रात्री तळाशी पाच-सहा बारीक भोकं दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी. भोकं जुनी असली तर चिंता नसते, आत कीड जिवंत असली तर ती घरातल्या इतर लाकडात जाते. ओळखायचं कसं? आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांनी उपाय सांगितला: पेटीखाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर हात लावू नका. मी पेटी बाल्कनीत, घरातल्या फर्निचरपासून लांब ठेवली. २० जुलैला उचलली तेव्हा काळ्या कागदावर पिठासारख्या भुग्याची छोटीशी ढिगुली होती, बरोबर दोन भोकांच्या खाली.

पेटी परत नेऊन द्यावी असं त्या दिवशी मनात आलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "लाकडाला कीड लागतेच गं. औषध घाल." मग धीर आला.

पण औषध रंगावरून आत जात नाही, म्हणून आधी रंग काढणं आलं. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि घासल्यावर उडणारी धूळ श्वासातून जाते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नये. मी पेंट रिमूव्हर आणला, अर्धा लिटर, २६० रुपये. जाड रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, आणि खाली वर्तमानपत्रांचा जाड थर.

२६ आणि २७ जुलै, शनिवार-रविवार, दोन्ही दिवस त्यात गेले. ब्रशने जाडसर थर द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, रंग सुरकुतून वर आला की पुट्टीच्या पत्तीने अलगद ओढायचा. पत्ती आडवी धरायची, नाहीतर लाकडाला चरे पडतात. सांध्यांतला आणि नक्षीच्या खाचांतला रंग बांबूच्या टोकदार चिपेने काढला. वास फार उग्र असतो. मी दर अर्ध्या तासाने उठून समोरच्या खोलीत जाऊन बसत होते. काढलेला रंग आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवला, बेसिनमध्ये काही धुतलं नाही.

पोपटीखाली निळा निघाला, निळ्याखाली गेरूसारखा लाल. शेवटचा लाल थर झाकणाच्या मधोमध सुटला आणि खालून लाकडाच्या रेषा दिसल्या, उसळीच्या पाण्यासारख्या तांबूस, एका गाठीभोवती वळून पुढे गेलेल्या. तेवढ्याच तुकड्यावर ओला कपडा फिरवला तेव्हा रंग गडद झाला आणि सागाचा तो तेलकट वास आला. तिथपर्यंत झाकणावर गडद रंग देऊन वर फुलं काढायची असं माझं ठरलं होतं. ते मी त्या क्षणी सोडून दिलं. लाकूड दिसलं पाहिजे, चित्र फक्त मध्यभागी, एवढं ठरलं.

२ ऑगस्टला कीडनाशक औषध. बाजारात लाकडासाठीची तयार औषधं मिळतात, माझी लिटरची बाटली ३८० रुपयांना आली. त्याहून लहान मिळाली नाही. ब्रशने आतून-बाहेरून दोन हात दिले आणि प्रत्येक भोकात सुई लावलेल्या सिरिंजने थोडं थोडं सोडलं. एका भोकातून सोडलेलं औषध दोन इंचांवरच्या दुसऱ्या भोकातून बाहेर आलं, तेव्हा आत बोगदे कसे गेलेत ते कळलं. सिरिंज वापरताना चष्मा हवाच, कारण औषध उलटं उडतं. मग पेटी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दहा दिवस ठेवली. १२ ऑगस्टला सोडली, आणखी तीन दिवस वाऱ्यावर ठेवली. खाली पुन्हा काळा कागद. या वेळी कोरा राहिला.

१५ ऑगस्टच्या सुट्टीला सुतारकाकांनी तळाचं फुगलेलं प्लायवूड काढून चार मिलिमीटरचं सागाचं प्लायवूड बसवून दिलं. मजुरी आणि तुकडा मिळून २०० रुपये. त्यांच्याकडूनच सागाचा बारीक भुस्सा डबीभर घेतला. भुस्सा आणि फेव्हिकॉल कालवून भोकं भरली. एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं: फेव्हिकॉल भोकाबाहेर पसरला की तेवढ्या जागी लाकूड नंतर पॉलिश पीत नाही आणि फिका डाग राहतो. माझ्या पेटीच्या उजव्या बाजूला असा एक डाग आहे. लावल्या लावल्या ओल्या फडक्याने कडा पुसून घ्या.

मग घासणं. पॉलिश पेपर १२०, १८०, २२० आणि शेवटी ३२० नंबरचा, या क्रमाने. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं कधीही नाही. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश दिल्यावर उठून दिसतात. नंबर गाळून थेट बारीक पेपरवर जाण्याचा मोह होतो, पण १२०चे ओरखडे ३२०ने जात नाहीत. दहीहंडीचा दिवस होता, खाली चौकात गाणी वाजत होती आणि मी बाल्कनीत बसून झाकण घासत होते. हा या सगळ्या कामातला माझा सगळ्यात आवडता दिवस. वरून हात फिरवला की कळतं किती उरलंय, डोळ्यांची गरज पडत नाही. लोखंडी काथ्या मात्र ओल्या लाकडावर वापरू नका. त्याचे कण अडकून बसतात आणि सागातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात, ते खोलवर जातात.

पॉलिशसाठी मी चपडा लाख निवडली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारे लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, तो स्वच्छ करून त्याचे पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. स्पिरिटमध्ये, म्हणजे पिण्यासाठी नसलेल्या अल्कोहोलमध्ये, विरघळवून लावायचा. घरच्या घरी जमतो, दुरुस्त करता येतो, आणि सागाला त्याचा मधासारखा रंग छान येतो. चपडा बोहरी आळीत लगेच मिळाला, शंभर ग्रॅम १४० रुपये.

स्पिरिटला मात्र वेळ लागला. हे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली येतं, त्यामुळे प्रत्येक हार्डवेअरवाला ठेवत नाही. दोन दुकानांनी नाही म्हटलं. तिसऱ्या दुकानदाराने आधी कशासाठी हवंय ते विचारलं, मग आधार कार्ड पाहिलं, वहीत नाव, पत्ता, फोन, 'लाकूड पॉलिश', अर्धा लिटर असं लिहून सही घेतली. त्याने विचारलं नसतं तर मलाच वावगं वाटलं असतं. ते विषारी असतं आणि चटकन पेट घेतं. घरी आणल्यावर बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, आणि काम करताना देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती, सगळं बंद. सोबत ओळखपत्र घेऊन जा म्हणजे दुसरी फेरी वाचते.

पन्नास ग्रॅम चपडा तीनशे मिलिलिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर ठेवला, सकाळी जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळला. कापसाचा गोळा मलमलमध्ये बांधून पुरचुंडी केली, त्यानेच लावायचं. पुरचुंडी सतत पुढे सरकत राहिली पाहिजे, थांबली की तिथे चिकटते.

२३ ऑगस्ट, शनिवार. बाहेर भुरभुर पाऊस. गणपती चार दिवसांवर आलेले, आणि मला वाटलं पॉलिश उरकून टाकू. पहिला हात छान बसला. दुसरा वाळता वाळता झाकणावर पांढरं धुकं चढलं. पुसून जाईना. तिसरा हात दिला तर आणखी दाट झालं. त्या संध्याकाळी मी फार खट्टू झाले. एवढ्या घासलेल्या लाकडावर दुधाची साय धरल्यासारखं दिसत होतं.

कारण नंतर समजलं. स्पिरिट भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. दमट हवेतली वाफ त्यावर धरते, पाणी लाखेत अडकतं आणि लाख पांढरी पडते. पावसाळ्यात चपडा पॉलिश करायचं नसतं, एवढीच गोष्ट. जुने पॉलिशवाले पावसाळ्यात हे काम घेत नाहीत, असं सुतारकाकांनी सांगितलं. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. उपाय साधा आहे: कोरडा दिवस येईपर्यंत थांबा, मग नुसत्या स्पिरिटमध्ये पुरचुंडी किंचित ओली करून त्या थरावरून फिरवा, लाख पुन्हा विरघळते आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

म्हणून पेटी जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटावर गेली. गणपती, गौरी झाल्या. सप्टेंबर ओलाच राहिला. या थांबलेल्या काळात बाकीची कामं केली. तुटलेल्या बिजागरीची जोडी जशीच्या तशी मिळाली नाही, म्हणून दोन्ही नव्या पितळी घेतल्या, दीड इंची, स्क्रूसकट १९० रुपये. स्क्रू पितळीच घ्या, लोखंडी गंजतात आणि सागाला काळं करतात. नव्या बिजागऱ्यांची भोकं जुन्या भोकांवर येत नव्हती. जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, वाळल्यावर कापल्या, मग नवीन भोकं पाडली. कडी मूळचीच ठेवली. ती पेटीवरून काढून चिंच-मिठाने घासली. पेटीवर असताना घासू नका, आंबट पाणी लाकडात उतरतं.

आरसा हा एकच निर्णय मला जड गेला. जुनी काच जाड होती, कडेला तिरका कट होता, पण पारा गेल्यामुळे चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसायचा. पेटी जिच्या संसारात जाणार तिला त्यात टिकली नीट लावता आली पाहिजे. शेवटी त्याच मापाचा, तसाच तिरका कट असलेला नवा आरसा करून घेतला, २२० रुपये. नेताना रिकाम्या चौकटीचं कागदी माप न नेता चौकटच न्या. माझं पहिलं माप दीड मिलिमीटरने चुकलं होतं आणि काचवाल्याने चौकट मागितली म्हणून निभावलं. जुना आरसा मी माझ्याकडे ठेवला आहे.

दसरा २ ऑक्टोबरला झाला आणि हवा कोरडी झाली. ४ आणि ५ ऑक्टोबरला स्पिरिटची पुरचुंडी फिरवली, धुकं खरोखर निघालं. वर चार पातळ हात दिले, प्रत्येक दोन हातांमध्ये ४०० नंबरचा पेपर अगदी हलका. पेटी चमकायला लागली.

आता झाकणाच्या मध्यावरचं चित्र. मला सावंतवाडीच्या गंजिफांतला मासा हवा होता. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहापर्यंतची पानं. मत्स्यावताराच्या पानांवर जितका आकडा तितके मासे. पाच माशांचं पान मला फार आवडतं. भाचीचं सासर मालवणचं, त्यामुळे मासा शोभणारच होता.

६ ते ११ ऑक्टोबर, रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर. अ‍ॅक्रिलिक रंगांचा ३४० रुपयांचा संच आणला होता. लाल जमीन, काळी कड, त्यावर पाच पिवळे मासे. रविवारी, १२ तारखेला, चित्राचं रक्षण व्हावं म्हणून वरून लाखेचा हात द्यायला घेतला. पुरचुंडी पहिल्या माशावरून गेली आणि मासा तिच्याबरोबर गेला. लाल रंग वितळून सागावर पसरला. मी हात उचलला तेव्हा तीन मासे पुसले होते आणि पुरचुंडी गुलाबी झाली होती.

लग्नाला सात आठवडे राहिले होते, मध्ये दिवाळी. त्या रात्री बहिणीला फोन करून सांगितलं की बहुधा पेटी होणार नाही. ती म्हणाली, "नाही झाली तर नाही झाली, पण टाकू नकोस." उरलेला रंग स्पिरिटने पुसून काढला, खालच्या लाखेसकट. मधला गोल पुन्हा कोरं लाकूड.

दिवाळीनंतर, २५ ऑक्टोबरला, लग्नाची आमंत्रणं द्यायला कुडाळला जायचंच होतं. रात्रीच्या बसने कोल्हापूर, आंबोली करत सकाळी सावंतवाडीला उतरलो आणि आधी राजवाड्यात गेलो, मोती तलावासमोर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी संपत आलेली गंजिफा पुन्हा उभी केली, राजवाड्यातच चितारी बसवले. आजही तिथे बसून रंगवणारे कलाकार पाहता येतात. दोन हजार चोवीस साली या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

एक वयस्कर चितारी मांडीवर पाटी घेऊन पानाची कड आखत होते. मी फोनवरचा फोटो दाखवला, पसरलेला लाल रंग. त्यांनी विचारलं, "रंग खयचो?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ह्यो स्पिरिटाक टिकाचो नाय. डिंकातलो रंग घेवा. स्पिरिट तेका हात लावणा नाय."

किती सोपं होतं. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने मऊ पडतं. डिंकाचा रंग पाण्याने सुटतो, स्पिरिटने नाही. लाख पाण्याने सुटत नाही, स्पिरिटने सुटते. म्हणजे लाखेवर डिंकाचा रंग द्या, रंगातलं पाणी लाखेला काही करत नाही. त्यावर पुन्हा लाख द्या, लाखेतलं स्पिरिट रंगाला काही करत नाही. गंजिफा रंगवणाऱ्यांनी चिंचोक्याची खळ, खडू, डिंक, लाख हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला त्याचं कारण मला त्या दिवशी पटलं. मी तो क्रम अर्धवट उचलला होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट हाताने दाखवली. माशाचा डोळा सगळ्यात शेवटी, आणि ब्रश न टेकवता, टोकावरचा थेंब फक्त लागू द्यायचा. मी तिथेच त्यांच्या रद्दी कागदावर दहा-बारा डोळे काढून पाहिले. नवव्या-दहाव्याला गोल जमला. निघताना मी एक छोटं रंगवलेलं पान विकत घेतलं, समोर ठेवून काढायला. चितारआळीतून भाचीसाठी लाकडी भाज्यांची टोपलीही घेतली, ती रुखवतात पेटीशेजारी ठेवता आली.

पुण्यात आल्यावर डिंकात बांधलेले साधे पोस्टर कलर घेतले, २३० रुपये. शून्य आणि एक नंबरचे दोन ब्रश १४०. आधी त्या गोलावर लाखेचे दोन हात, वाळल्यावर ४०० नंबरने किंचित खरखरीत केलं, नाहीतर पाण्याचा रंग लाखेवर थेंबाथेंबाने गोळा होतो. २९ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर. या वेळी रोज अर्धाच तास, कारण तासाभरानंतर हात कापतो आणि कडेची रेघ वाकडी जाते. पाच माशांचे पाच डोळे शेवटच्या रात्री दिले. चौथ्याचा थोडा मोठा झाला आहे. तो तसाच ठेवला.

९ नोव्हेंबरला, रविवारी, लाखेची पुरचुंडी हातात घेतली तेव्हा छातीत धडधडत होतं. आधी एका कोपऱ्यात काळ्या कडेवरून एकदाच फिरवली. पुरचुंडी पाहिली, पांढरीच. मग पूर्ण गोल. रंग जागचा हलला नाही, उलट लाल जमीन खोल आणि ओली दिसायला लागली. पुढच्या आठवड्यात रोज एक पातळ हात असे सहा हात दिले. चित्रावर पुरचुंडी दाबायची नाही, वरून नेल्यासारखी न्यायची.

१६ नोव्हेंबरला आतलं अस्तर. खणाचं कापड अर्धा मीटर, १७५ रुपये, हिरवं, लाल काठाचं. कापड थेट लाकडाला चिकटवू नका. कप्प्यांच्या मापाचे पुठ्ठे कापून त्यांना खण चिकटवला आणि पुठ्ठे नुसते बसवले, म्हणजे मळलं किंवा कुंकू सांडलं तर काढून बदलता येतं. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ केली, त्यात बुकबाइंडर घालतात तसा चिमूटभर मोरचूद टाकला, नाहीतर खळीला कीड लागते. मोरचूद विषारी असतो, खळीचं भांडं आणि चमचा स्वयंपाकाचे घेऊ नका.

सगळा खर्च मांडला तर पेटी, औषध, पॉलिश पेपर, वाया गेलेले रंग धरून ३,१५५ रुपये झाले, सावंतवाडीचा प्रवास सोडून. नवी बनवून घेतली असती तर काय पडलं असतं, याची चौकशी मी केली नाही.

२२ नोव्हेंबरला पेटी आईकडे नेली. तिने चष्मा लावला, झाकण उघडलं, आरसा तिरका उभा केला. आत वाकून वास घेतला. मग उठून आतून एक छोटी पितळी डबी आणली, मेणाची. आईची आई वापरायची ती. पेटी गेली तेव्हा ती डबी स्वयंपाकघरात कुठेतरी राहिली होती म्हणे, आणि हे मला आजवर माहीत नव्हतं. तिने ती डाव्या हाताच्या छोट्या कप्प्यात ठेवली. थोडी सैल बसते.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर पेटी अर्धी उघडी ठेवली होती. पाहणाऱ्यांत दोघीतिघी आज्या थांबल्या आणि त्यांनी मेणाच्या डबीलाच हात लावला.

भाची आता मालवणला आहे, तिथली हवा पुण्याहून दमट. तिला मी दोन गोष्टी सांगितल्या: पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नकोस, आणि वर्षभर खाली काळा कागद ठेव. गेल्या आठवड्यात तिने कागदाचा फोटो पाठवला. त्यावर केसांचा एक आकडा पडलेला होता आणि थोडं कुंकू. भुगा नव्हता.